पदरची माणसे, त्यांचे आजारपण आणि धंद्याचा जमाखर्च

ट्रस्टकडे वैद्यकीय मदतीसाठी जे अर्ज येतात ते वाचताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. अर्जदारांपैकी पुष्कळ जण बेकार नसतात. कोणी दुकानात मापाला उभा असतो, कोणी काजूच्या कारखान्यात भाजणीवर असतो, कोणी हॉटेलच्या स्वयंपाकघरात, तर कोणी टेंपोवर. म्हणजे त्याला मालक आहे, आणि तो मालक बहुधा आपल्यापैकीच कोणी आहे. मालक निर्दय असतो असेही नाही. माणूस आजारी पडला की तो पाच-दहा हजारांची उचल देतो, स्वतःच्या गाडीतून म्हापशाच्या इस्पितळात पोचवतो, रात्री भेटून येतो. पण बिलाचा आकडा लाखावर गेला की दोघेही हात टेकतात आणि मग ट्रस्टची आठवण होते. ट्रस्ट देऊ शकतो ती मदत अशा बिलाच्या मानाने अपुरीच पडते. या अंकात त्या प्रश्नाचा थोडा व्यवहारी विचार करावा असे आम्ही ठरवले. आपल्या पदरी चार, आठ, बारा माणसे असलेल्या धंदेवाल्याने त्यांच्या आजारपणाची सोय आधीच कशी करून ठेवावी, हा आजचा विषय आहे.

प्रथम उचलीचाच हिशेब पाहू, कारण आपल्याकडे खरा विमा म्हणजे उचलच आहे. समजा, महिना सोळा हजारांच्या माणसाला आजारपणात चाळीस हजार उचल दिली आणि ती महिना दोन हजारांनी कापायची ठरवली. फेडायला वीस महिने लागतात. आजारातून उठलेल्या माणसाच्या हातात वीस महिने चौदा हजार पडतात, त्यांतच औषधपाणी आले. चार महिन्यांत तो शेजारच्या गावी दुसऱ्याकडे कामाला लागतो आणि मालकाचे बत्तीस हजार बुडतात. मालक म्हणतो, माणूस कृतघ्न निघाला. माणूस म्हणतो, मालकाने आजारपणातही व्याजाविना बांधून ठेवले. आमच्या मते दोघांचाही दोष थोडा आणि पद्धतीचा दोष फार. एका माणसाच्या आजाराचे ओझे एकाच मालकाने आणि एकाच संसाराने उचलावे, हीच मुळात न पेलणारी गोष्ट आहे. पुष्कळांनी थोडे थोडे आधी भरावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने त्यातून घ्यावे, हे विम्याचे सूत्र.

हे सूत्र कामगाराच्या आजारपणाला कायद्याने लावले ते प्रथम जर्मनीत, बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८३ साली. इंग्लंडात तसा कायदा १९११ मध्ये झाला. आपल्या देशात १९२३ च्या कायद्याने कामावर अपघात झाल्यास मालकाने नुकसानभरपाई द्यावी एवढे ठरले, पण साध्या तापाने किंवा क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले; त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्यातूनच पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपण ज्याला ई.एस.आय. म्हणतो तो, झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेला आरंभ झाला. १९५४ मध्ये ती मुंबईला आली. आपला गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. इकडे हे सारे मुक्तीनंतरच पोचले.

आता हा ई.एस.आय. लहान धंदेवाल्याला लागू पडतो की नाही, याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. दहा किंवा अधिक माणसे असतील तर तो सक्तीचा आहे, आणि एकदा लागू झाल्यावर पुढे माणसे दहाहून कमी झाली तरी तो सुटत नाही. म्हणून हजेरीपत्रकावर नऊच नावे ठेवण्याची एक युक्ती काही ठिकाणी चालते. ती आम्हांस मुळीच मान्य नाही, आणि ती शहाणपणाचीही नाही. नाव न नोंदवलेल्या माणसाला कामावर इजा झाली, तर त्याला द्याव्या लागलेल्या लाभांचा खर्च महामंडळ मालकाकडून वसूल करू शकते. चार-पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात मालक लाखांचा धोका पत्करतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. तिच्यात लहान धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक तरतूद आहे. दहाहून कमी माणसे असतील तरी मालक व कामगार दोघांच्या संमतीने स्वेच्छेने योजनेत शिरता येते. शिवाय ठरावीक जिल्ह्यांपुरती असलेली योजना आता सर्व देशभर मानली आहे, आणि धोक्याच्या कामात एक माणूस असला तरी ती सक्तीची करता येते. तेव्हा 'आम्ही लहान, आम्हांस ई.एस.आय. कुठला?' हा प्रश्न आता उरलेला नाही.

हप्ता किती, हा पुढचा प्रश्न. १ जुलै २०१९ पासून मालकाचा वाटा पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का असा ठरला आहे. त्यापूर्वी हेच दर पावणेपाच व पावणेदोन होते. पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून महिना २१,००० रुपये करण्यात आली. सोळा हजारांच्या माणसामागे मालक ५२० रुपये भरतो, माणूस स्वतः १२० भरतो; एकूण ६४०. बारा माणसांच्या हॉटेलात मालकाला महिन्याला ६,२४० आणि वर्षाला ७४,८८० रुपये पडतात. मालकाचा वाटा माणसाच्या पगारातून कापणे बेकायदेशीर आहे, हे येथे सांगून ठेवतो. कारण तसे करणारे आहेत. हप्ता पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावा लागतो, उशीर झाल्यास व्याज चढते.

या पैशांत काय मिळते? माणसाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाला औषधोपचार, तोही केवळ इस्पितळात दाखल झाल्यावरच नव्हे, तर साध्या तपासणीसाठी व औषधासाठीही. खाजगी विम्यात जे जवळजवळ कधीच मिळत नाही तेही येथे मिळते, ते म्हणजे आजारपणातला पगार. वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. सोळा हजारांच्या माणसाला महिन्याला सुमारे ११,२०० पडतील. क्षय, कर्करोग अशा लांबणाऱ्या ठरावीक रोगांत, नोकरी व हप्त्यांच्या अटी पुऱ्या होत असतील तर, ऐंशी टक्क्यांनी ही मुदत दोन वर्षांपर्यंत वाढते. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, कामावरील इजेत नव्वद टक्के आहेत, आणि इजेने मृत्यू आल्यास कुटुंबाला निवृत्तिवेतन आहे. गरीब घरात आजाराने बिलापेक्षाही अधिक घात होतो तो बंद पडलेल्या पगाराने. भाडे, शाळेची फी, किराण्याची उधारी हे काही आजारी माणसाची वाट पाहत थांबत नाहीत. ज्यांना हे दिसते त्यांना ई.एस.आय.चे मोल कळेल.

आपल्या किनाऱ्यावरील हंगामी धंद्यासाठी एक बारकावा सांगण्याजोगा आहे. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल येथील शॅक ऑक्टोबरात उभे राहतात आणि पावसाच्या तोंडावर मोडतात. माणसे आपापल्या गावी जातात. ई.एस.आय.मध्ये वर्षाचे दोन भाग आहेत. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या सहा महिन्यांत भरलेल्या हप्त्यांचा हक्क पुढील १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात चालतो, आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांचा पुढील जानेवारी ते जूनमध्ये. आजारपणाच्या रोख लाभासाठी त्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांचा हप्ता भरलेला असावा लागतो. म्हणजे हंगामात नाव नोंदले असेल तर त्या हप्त्यांचा हक्क पावसाळ्यात सुरू होतो. हे बहुतेक मालकांना ठाऊक नाही, आणि माणसांना तर नाहीच.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. ई.एस.आय.चे इस्पितळ गोव्यात मडगावला आहे. चोपड्याहून मडगाव म्हणजे जवळजवळ सारा गोवा ओलांडणे. शिवोली-चोपडे पूल झाल्यापासून फेरीबोटीची वाट पाहणे संपले, म्हापसा हाताशी आले; पण दुखणाईत माणसाला घेऊन मांडवी व झुवारी या दोन्ही नद्या ओलांडणे सोपे नाही. दवाखान्यांतील औषधांची टंचाई, रांगा, कागदपत्रांचा घोळ या तक्रारीही ऐकू येतात. पण गाऱ्हाणी आहेत म्हणून योजना सोडावी हे आम्हांस पटत नाही. गाऱ्हाणे मांडायलाही आधी सभासद असावे लागते.

दुसरा मार्ग गट-विम्याचा, म्हणजे खाजगी वा सरकारी विमा कंपनीकडून सर्व माणसांची मिळून एक पॉलिसी घेण्याचा. मेडिक्लेम आपल्या देशात १९८६ मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी आणला; खाजगी कंपन्या १९९९ च्या कायद्यानंतर आल्या. काही कंपन्या सात माणसांच्या गटालाही पॉलिसी देतात. गट-विम्याचा मोठा गुण असा की, मधुमेह, रक्तदाब असे आधीपासून असलेले दुखणे त्यात बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जाते. एकट्याने पॉलिसी घेतल्यास अशा दुखण्यासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. पन्नाशीच्या स्वयंपाक्याला किंवा दिवाणजीला हा फरक जीवनमरणाचा आहे.

पण पॉलिसी घेताना फक्त वरचा आकडा पाहू नये. 'दोन लाखांचा विमा' हे शब्द ऐकून मालक सही करतो आणि खोलीच्या भाड्याची अट वाचत नाही. समजा, अट आहे की खोलीचे भाडे दिवसाला विम्याच्या रकमेच्या एक टक्क्याहून अधिक नसावे. दोन लाखांचा एक टक्का म्हणजे दोन हजार. नातेवाइकांनी घाईत चार हजारांची खोली घेतली. मग कंपनी केवळ खोलीचे जादा दोन हजारच कापत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह असे जे आकार खोलीच्या दर्जाप्रमाणे वाढतात तेही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापते. औषधे व बसवलेली साधने त्यातून वगळली जातात, तरीही साठ हजारांच्या अशा आकारांत तीस हजार रुग्णाच्या गळ्यात येऊन पडतात. हा सारा अनर्थ एका ओळीने टळला असता, ती म्हणजे 'दोन हजारांच्या आतलीच खोली घ्या'. ही ओळ मालकाने माणसाच्या हाती देण्याच्या कार्डावरच मराठीत, आणि परप्रांतीय असेल तर त्याच्या भाषेत, लिहून द्यावी.

आणखी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. बायकामुले धरली आहेत काय, बाळंतपणाला किती मिळते, म्हापसा-पणजीची कोणती इस्पितळे रोख न मागता दाखल करून घेतात, मधल्या काळात नवा माणूस आला तर त्याचे नाव कधी घालायचे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे संरक्षणही जाते. त्याला त्याच कंपनीत स्वतःची पॉलिसी करून घेण्याची मुभा असते, ती त्याला निघतानाच सांगावी. एका वर्षी दावे फार झाले तर पुढल्या वर्षी हप्ता चढतो, हेही धरून चालावे. कराचा एक मुद्दा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य पॉलिसीवरील वस्तु-सेवा कर उठला, गट-पॉलिसीवरील अठरा टक्के मात्र तसाच राहिला. उलट, माणसांच्या आरोग्यविम्याचा हप्ता रोखीने न भरता बँकेतून भरला असेल तर तो मालकाच्या प्राप्तिकराच्या हिशेबात धंद्याचा खर्च म्हणून धरता येतो. आपल्याकडे गल्ल्यातून नोटा मोजून देण्याची सवय आहे म्हणून हे मुद्दाम लिहिले.

तिसरी गोष्ट सरकारी योजनांची. येथे एकाच हॉटेलातली माणसे तीन तऱ्हांची निघतात. गोव्यात पाच वर्षांहून अधिक वास्तव्य असलेल्या कुटुंबाला २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार वा अधिक असल्यास चार लाख. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्गकडून येणाऱ्या माणसाला ती नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. बांबोळीच्या गोमेकॉत बाहेरच्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गातील लोकांची मोठी तारांबळ उडाली, ते पुष्कळांना आठवत असेल. आणि उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडाहून आलेल्या मुलाकडे गावच्या घराचे आयुष्मान कार्ड असू शकते. २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेली ही पाच लाखांची योजना आपल्या राज्याबाहेरही मान्यताप्राप्त इस्पितळात चालते. पण कार्ड गावी आईच्या पेटीत पडलेले असते आणि नावात अक्षराची चूक असते.

यास्तव आमची पहिली सूचना अगदी बिनखर्चाची आहे. एक वही करावी. तीत प्रत्येक माणसाचे नाव, वय, मूळ गाव, गोव्यात किती वर्षे, घरी कोण कोण, कोणते कार्ड आहे, एवढे टिपावे. ही वही केली की निम्मे चित्र स्पष्ट होते. कोणाला काहीच नाही हेही तेव्हाच कळते, आणि मालकाचा पैसा आधी तेथे जायला हवा. मात्र सरकारी कार्डे बहुतांशी इस्पितळात दाखल झाल्यावरच कामाची. बुडालेला पगार ती देत नाहीत, हे विसरू नये.

अपघाताची गोष्ट निराळी. नारळ पाडणारा पाडेली माडावरून पडला, भट्टीवर हात भाजला, तर ई.एस.आय. नसलेल्या मालकावर भरपाईची जबाबदारी कायद्याने येते, मालकाचा दोष असो वा नसो. ई.एस.आय. असल्यास ती जबाबदारी महामंडळाकडे जाते. ज्यांच्याकडे ते नाही त्यांनी निदान कामगार-भरपाईची पॉलिसी तरी घ्यावी.

काही सभासद विचारतात, ट्रस्टनेच दरमहा वर्गणी घेऊन सर्वांच्या माणसांचा विमा का करू नये? विचार चांगला आहे, पण वर्गणीच्या बदल्यात ठरावीक रक्कम देण्याचे वचन देणे हा विम्याचा धंदा झाला आणि तो परवान्याविना करता येत नाही. केवळ विम्यासाठीच जमवलेला गटही कंपनीला चालत नाही. गटाचे काही अन्य नाते असावे लागते, आणि गट चालवणाऱ्याने कंपनीच्या हप्त्याहून पैही अधिक घेता कामा नये. एकत्र येण्याचे सामर्थ्य मात्र खरे आहे. मुंबईच्या बाजारांत शेकडो व्यापारी एकाच हमालाकडून काम घेत. त्याचा मालक कोण, हेच ठरत नसे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. प्रत्येक व्यापारी मजुरीबरोबर मंडळाकडे ठरावीक आकार भरू लागला आणि त्यातून हमालांची भविष्यनिर्वाह निधी, औषधोपचार इत्यादी सोय झाली. एकेका दुकानदाराच्या आवाक्याबाहेरची गोष्ट बाजाराने मिळून केली. कर्नाटकात २००३ मध्ये सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना निघाली, तिचा पहिल्या वर्षीचा हप्ता माणशी केवळ साठ रुपये होता. तेही सहकारी संस्थांचे जाळे आधीच होते म्हणून. आपल्याकडे व्यापारी संघ, शॅकवाल्यांची संघटना, तुयें व डिचोलीच्या औद्योगिक वसाहतींतील कारखानदार असे गट आधीच आहेत. त्यांनी आपल्या माणसांसाठी विमा कंपनीशी एकत्र बोलणी केल्यास अटी थोड्याफार सैल होतील, असे आम्हांस वाटते.

माणसांकडून काही घ्यावे की सगळे मालकाने भरावे, यावर आमच्यातच दोन मते होती. एका पक्षाचे म्हणणे, फुकट मिळालेल्या कार्डाची किंमत कळत नाही. दुसऱ्याचे म्हणणे, सोळा हजारांतून शंभर कापले तरी घरी बायको विचारते. बहुमत असे पडले की गट-विम्यात माणसाचा स्वतःचा हप्ता मालकाने भरावा, आणि बायकामुलांचे नाव घालायचे असल्यास त्यातला थोडा भाग, हप्त्याहप्त्याने, माणसाने द्यावा. ई.एस.आय.मध्ये तर वाटे कायद्यानेच ठरलेले आहेत.

मोपा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून पेडण्यात चांगल्या माणसाला मागणी वाढली आहे. मोठी हॉटेले विम्यासह नोकरी देतात आणि लहान मालकाने शिकवून तयार केलेला आचारी उचलून नेतात. तेव्हा हा खर्च धर्मखाती न घालता धंद्याच्याच खात्यात घालावा.

नोंदणीचे काम गणपती आटोपले की लगेच, सप्टेंबरातच सुरू करावे. हंगामाची माणसे महिनाअखेर येऊ लागतात, आणि ऑक्टोबरचा पहिला हप्ता भरताना त्यांची आधार-पत्रे, कुटुंबाचे फोटो व बँकेची खाती हाताशी लागतात. ज्यांचे कार्ड गावी राहिले असेल त्यांना येतानाच ते घेऊन यावयास सांगावे. फोनवर एक निरोप पुरेल.